घरच्या मशीनवर बाबांचं बीपी रोज वर-खाली होतंय, त्या 'व्हेरिएबिलिटी'वर किती विश्वास ठेवायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बाबा ६८ वर्षांचे, ठाण्यात वर्तकनगरला आईबरोबर राहतात, तुम्ही ऐरोलीला. बीपीसाठी लोसार्टन ५० ची एक गोळी चार वर्षं चालू आहे. दिवाळीत तुम्ही त्यांना दंडावरचं मशीन घेऊन दिलं, त्यांनी आठवडाभर रोज सकाळी मोजलं आणि वरचे आकडे आले १५२, १३४, १४७, १२९, १५६, १३८, १३१. तुम्ही ते मोबाइलच्या ॲपमध्ये टाकले तर लाल पट्टी आली, व्हेरिएबिलिटी म्हणजे वर-खालीपणा जास्त, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरलेत ते) १०.७, आणि खाली स्ट्रोकच्या धोक्याबद्दल दोन ओळी. तेव्हापासून बाबा दिवसातून आठ-आठ वेळा मोजतायत, तुमची झोप उडालीय, शेजारचे काका म्हणतायत मशीनच बोगस आहे, आणि तुम्ही विचारताय की गोळी बदलायची का.

मी ठाण्यात २४ वर्षं फिजिशियन म्हणून ओपीडी करतोय आणि हा प्रश्न आता आठवड्याला चार-पाच जण तरी विचारतात, कारण मशीन घरोघरी झालंय. माझं उत्तर असं की मशीन बहुतेक ठीकच असेल, बाबाही बहुतेक ठीक असतील, पण तो १०.७ चा आकडा सात रीडिंगवरून काढलेला आहे आणि सात रीडिंगवरून तो काढताच येत नाही. म्हणजे गणित होतं, उत्तर येतं, पण त्या उत्तरावर भार टाकता येत नाही. आणि त्या लाल पट्टीच्या नादात त्याच सात आकड्यांमधली खरी बघण्यासारखी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली, ती म्हणजे सरासरी. ती १४१ येते. तिच्याकडे नंतर येतो.

आधी मशीन काय करतं ते बघा. आपल्याला वाटतं की मशीन वरचं आणि खालचं बीपी मोजतं. तसं नाही होत. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, फुगतो, दंडाची धमनी दाबली जाते, मग हवा हळूहळू सोडताना धमनीच्या ठोक्यांनी कफमधल्या हवेला बारीक बारीक हिसके बसतात, मशीन ते हिसके मोजतं. हिसके सगळ्यात मोठे कुठे येतात तो असतो साधारण मधला दाब, आणि तिथून मागे-पुढे हिशोब करून मशीन वरचा आणि खालचा आकडा काढतं. तो हिशोब प्रत्येक कंपनीचा स्वतःचा असतो आणि कंपन्या तो सांगत नाहीत. म्हणून एकाच माणसावर दोन कंपन्यांची मशीन लावली तर ४-६ पॉइंटचा फरक येणं यात काहीच बोगस नाही. मशीन पास कसं करतात तेही ऐका. २०१८ पासून जी आंतरराष्ट्रीय पद्धत मान्य आहे तिच्यात कमीत कमी ८५ माणसांवर मशीन आणि स्टेथोस्कोप लावून घेतलेलं बीपी शेजारी शेजारी ताडून बघतात, सरासरी फरक ५ पॉइंटच्या आत पाहिजे आणि त्या फरकाचा पसारा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ८ च्या आत. म्हणजे चांगल्या, पास झालेल्या मशीनलाही एखाद्या माणसात पाच-सात पॉइंट चुकायची मुभा आहे.

पण इथे एक गोष्ट आहे जी लोक लक्षात घेत नाहीत. मशीनची चूक दोन प्रकारची असते. एक कायमची, म्हणजे तुमच्या बाबांच्या धमन्यांवर हे मशीन नेहमीच ६ ने जास्त दाखवतं असं समजा. अशा चुकीने सरासरी बिघडते पण फ्लक्चुएशन, म्हणजे वर-खालीपणा, बिघडत नाही, कारण रोजच ६ जास्त. दुसरी चूक असते सुटी, आज ४ ने वर, उद्या ५ ने खाली. ही सरासरीत एकमेकींना बऱ्यापैकी खाऊन टाकते, पण फ्लक्चुएशनच्या आकड्यात मात्र पूर्णच्या पूर्ण उतरते. त्यामुळे 'मशीन भरवशाचं आहे का' हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. सरासरीसाठी भरवशाचं असलेलं मशीनही वर-खालीपणा मोजायला कमी पडू शकतं, आणि त्यात मशीनचा वाटा लहान असतो, मोजण्याच्या रीतीचा मोठा.

गणित करून दाखवतो. समजा बाबांचं बीपी खरोखरच रोज ८ च्या स्टँडर्ड डेव्हिएशनने हलतंय, आणि मशीनची चूक, हात कुठे ठेवला, कधी मोजलं या सगळ्याने मिळून आणखी ६ चा गोंधळ होतोय. तर ॲपवर ८ दिसणार नाही आणि १४ पण दिसणार नाही, १० दिसेल, कारण हे वर्ग करून बेरीज होतं, ६४ अधिक ३६ म्हणजे १००, त्याचं वर्गमूळ १०. म्हणजे जो १० दिसतोय त्यात बाबांच्या शरीराचं किती आणि मोजण्याच्या रीतीचं किती हे नुसत्या आकड्यावरून कोणालाच सांगता येत नाही, मला पण नाही.

आता सात रीडिंगचा मुद्दा. सात आकड्यांवरून १०.७ आलं तर शास्त्र असं म्हणतं की ९५ टक्के खात्रीने खरा आकडा ७ ते २३ यात कुठेही असू शकतो. सातच्या जवळ असेल तर ते अगदी नेहमीचं आहे, २३ असेल तर मी स्वतः धावपळ करीन. एकाच आकड्यात जर 'काळजी नको' आणि 'धावा' दोन्ही मावत असतील तर तो आकडा लाल पट्टीत दाखवणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲप बनवणाऱ्यांनी निदान किती रीडिंग झाल्याशिवाय हा आकडा दाखवणार नाही एवढं तरी ठरवायला हवं होतं.

त्याच्याच शेजारी सरासरी ठेवा. सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे १२ बैठका झाल्या आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १० आलं, तर सरासरी साधारण सहा पॉइंट इकडे-तिकडे एवढी पक्की होते. १३८ आली तर खरी १३२ ते १४४ मध्ये. यावर डॉक्टर निर्णय घेऊ शकतो. पण त्याच १२ बैठकांवरून फ्लक्चुएशनचा आकडा मात्र ७ ते १७ एवढा सैल राहतो. सरासरी लवकर बसते, वर-खालीपणा फार उशिरा बसतो, हा त्या गणिताचा स्वभावच आहे, त्याला मशीन काय करणार. (एका बैठकीत लागोपाठ घेतलेली दोन रीडिंग दोन म्हणून मोजू नका बरं का, ती जुळ्या भावंडांसारखी असतात, नवीन माहिती थोडीच देतात. बैठका मोजायच्या.)

आणखी एक गोष्ट, गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी. तुमचे तेच सात आकडे चढत्या क्रमाने आले असते, १२९, १३१, १३४, १३८, १४७, १५२, १५६, तर स्टँडर्ड डेव्हिएशन तेच, १०.७. पण काही ॲप दुसऱ्या रीतीने मोजतात, आजचा आणि कालचा फरक, परवाचा आणि कालचा फरक, त्यांची सरासरी. त्या रीतीने बाबांच्या मूळ क्रमाचं उत्तर येतं जवळजवळ १७ आणि चढत्या क्रमाचं येतं साडेचार. आकडे तेच आहेत. आणि डॉक्टर म्हणून मला चढत्या क्रमाची जास्त काळजी वाटेल, कारण रोज वर चाललंय म्हणजे काहीतरी घडतंय, गोळी बंद झालीय किंवा गुडघ्यासाठी कोणी दुखण्याची गोळी चालू केलीय. दोन ॲपचे आकडे एकमेकांशी ताडू नका हे तर झालंच, पण एका आकड्यात सगळं बघायला जाऊ नका, क्रम बघा.

आता तुम्ही नंतर लिहिलेला भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि तुम्ही तो जाता जाता लिहिलाय. बाबा सकाळी उपवन तलावाला चक्कर मारून येतात, कधी आल्या आल्या मोजतात, कधी चहा झाल्यावर. सोफ्यावर बसून, हात मांडीवर. गोळी कधी आठला, कधी अकराला नाष्ट्यानंतर. आणि एकच रीडिंग. बघा, या चार वाक्यांत तुमच्या १०.७ मधला बराचसा भाग सापडेल मला.

हात मांडीवर ठेवला की कफ हृदयापेक्षा खाली जातो. रक्त म्हणजे शेवटी पाण्यासारखाच स्तंभ, दर १० सेंटिमीटर खाली गेलं की साधारण ८ पॉइंट वाढतात, हे भौतिकशास्त्र आहे, यात मतभेद नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२४ मध्ये नीट तपासून बघितलं, हात टेबलावर ठेवून घेतलेल्या बीपीपेक्षा मांडीवर ठेवला तर वरचं सरासरी ४ ने जास्त आलं आणि खाली लोंबकळत सोडला तर साडेसहाने. आता बाबा रोज मांडीवरच ठेवत असतील तर ती कायमची चूक झाली, पण सोफ्यावर माणूस रोज सारखा बसत नाही, आज रेलून, उद्या पुढे वाकून टीव्ही बघत, कफची उंची रोज बदलते, म्हणजे ती सुटी चूक झाली. आपल्याकडे तर अजून एक प्रकार, जमिनीवर मांडी घालून चौरंगावर मशीन. पायावर पाय टाकून बसू नका असं सगळे सांगतात, मांडी घालून बसणं हे त्याचंच भावंड आहे, पण ते कोणी सांगत नाही कारण मशीनच्या डब्यावरच्या चित्रात खुर्चीच असते.

चालून आल्यावर अर्धा तास, चहा-कॉफी-तंबाखूनंतर अर्धा तास मोजायचं नाही. लघवीला लागलेली असताना मोजलं तर दहाच्या आसपास सहज वर जातं, आणि ६८ वर्षांच्या पुरुषांत प्रोस्टेटमुळे हा मुद्दा पुस्तकात आहे त्याहून कितीतरी मोठा आहे. मोजताना बोलणं, तेही तसंच. आई किचनमधून विचारते 'किती आलं हो', बाबा उत्तर देतात, गेलं रीडिंग. शर्टाच्या बाहीवरून कफ नको, आणि बाही वर गुंडाळून तिचा घट्ट पीळ पण नको, त्यापेक्षा हात बाहेर काढा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. पाच मिनिटं म्हणजे खरंच पाच, लोक अर्धा मिनिट बसतात आणि झालं म्हणतात.

कफचा माप वेगळा सांगायला हवा, कारण तिथे मी स्वतः फसलोय. घणसोलीचा एक रिक्षावाला, पंचेचाळिशीचा, तगडा गडी, तीन औषधांवर बीपी उतरेना, घरच्या मशीनवर १६५, १४८, १७०, असं काहीही. माझ्याकडे पण तेवढंच. चौथं औषध लिहायला पेन उचललं आणि नर्स म्हणाली सर याचा दंड बघा. मोजला, ३८ सेंटिमीटर. मशीनबरोबर जो कफ येतो तो साधारण २२ ते ३२ चा असतो. लहान कफ मोठ्या दंडावर लावला की बीपी खोटं जास्त येतं, आणि नीट बसत नसल्यामुळे रोज वेगळ्या जागी, वेगळं घट्ट, म्हणून वर-खालीही होतं. २०२३ मध्ये हॉपकिन्सच्याच लोकांनी दाखवलं की ज्यांना सगळ्यात मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचं सरासरी साडेएकोणीस पॉइंट जास्त येतं. साडेएकोणीस! म्हणजे धडधाकट माणूस पेशंट होतो. मोठा कफ लावला, तो १३८ निघाला. तीन औषधांतलं एक पुढे मी कमी केलं. तुमच्या बाबांचा दंड शिवणकामाच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध मोजा आणि कफवर छापलेला आकडा बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक सांगतो, ती जास्त जुनी आणि अजून मनाला लागून आहे. कळव्याच्या एक बाई, साठीच्या, वहीत सगळी रीडिंग नीट लिहून आणायच्या. मी वहीतले मोठे आकडे बघून डोस वाढवला. दहा दिवसांनी ठाणे स्टेशनच्या पुलावर त्यांना चक्कर आली, पडल्या, नशिबाने हाड मोडलं नाही. मग मी बसून विचारलं की मोजायच्या आधी काय करत होता. तर त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती, मंडईतून भाजी घेऊन चार मजले चढायच्या आणि दम लागला की 'बघू बीपी किती झालं' म्हणून मोजायच्या. मोठे आकडे सगळे त्या वेळचे. बाकीच्या वेळी त्या १२०-१२५ वर होत्या आणि मी त्यावर वाढीव डोस दिला. तेव्हापासून वही हातात घेतली की मी आकडा वाचायच्या आधी वेळ वाचतो आणि विचारतो, याआधीची दहा मिनिटं काय चाललं होतं.

वहीचा अजून एक प्रॉब्लेम असतो, माणसं चांगले आकडे लिहितात आणि वाईट गाळतात, किंवा उलट, डॉक्टरने लक्ष द्यावं म्हणून वाईटच लिहितात. यात लबाडी नसते, भीती असते. १५६ आलं, 'हे चुकीचं असणार' म्हणून परत मोजलं, १४० आलं, ते लिहिलं. अशी वही माझ्यापर्यंत आली तर त्यातून काढलेलं कुठलंच फ्लक्चुएशन खरं नसतं. म्हणून मेमरी असलेलं मशीन घ्यायला सांगतो आणि ओपीडीत वहीबरोबर मशीन पण मागतो. आणि बाबांना सांगा की एका मशीनवर एकटेच मोजा, आईने पण त्यावर मोजलं की मेमरीत दोघांचं मिसळतं, हे मी असंख्य वेळा बघितलंय. दोन युजरचं बटण असतं बऱ्याच मशीनवर, ते वापरा.

आता गोळीची वेळ. लोसार्टन शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप मुख्य काम करतं ते ६ ते ९ तासांत निम्मं होतं. म्हणजे बाबांनी काल सकाळी आठला गोळी घेतली आणि आज साडेआठला गोळीआधी मोजलं तर औषध शेवटच्या थेंबावर आहे, आणि परवा अकराला घेऊन काल सातला मोजलं तर चित्र वेगळं. त्याच्या उलट अम्लोडिपिन हे बीपीचं दुसरं औषध निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात, एखादी गोळी दोन-चार तास उशिरा झाली तरी फार हलत नाही. हे वाचून कृपा करून स्वतःच गोळी बदलू नका, बाबांना लोसार्टन देण्यामागे डायबेटिस किंवा किडनीचं कारण असू शकतं जे तुम्ही लिहिलेलं नाही. मी एवढंच म्हणतोय की गोळीची वेळ घड्याळ लावून ठरवा, मग बघू किती फ्लक्चुएशन उरतं. सोबत हेही बघा की गुडघेदुखीच्या गोळ्या, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध, पित्तासाठी येता-जाता घेतलेला फसफसणारा सोडा, यातलं काही चालू आहे का. हे सगळं बीपी वर ढकलतं आणि कोणी याला औषध समजत नाही म्हणून सांगत नाही. लोणचं-पापड-फरसाण तर तुम्हाला माहीतच आहे, दिवाळीच्या आठवड्यात नवीन मशीनवर मोजायला सुरुवात केली तर चकली-चिवड्याचं मीठ पण त्या आकड्यांत येणारच. आणि थंडीत बीपी उन्हाळ्यापेक्षा सरासरी पाचेक पॉइंट वर असतं.

मग स्ट्रोकच्या धोक्याचं काय, ते खोटं का? नाही, खोटं नाही. ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल यांनी २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की ज्यांचं बीपी एका व्हिजिटपासून दुसऱ्या व्हिजिटला जास्त हलतं त्यांना स्ट्रोक जास्त होतात, सरासरी सारखी असली तरी. पण ते महिनोन्महिन्यांच्या क्लिनिकमधल्या व्हिजिटचं होतं, वर्तकनगरच्या सोफ्यावरच्या सात सकाळींचं नाही. घरच्या रोजच्या फ्लक्चुएशनबद्दलची मोठी माहिती जपानच्या ओहासामा नावाच्या गावातून आली, तिथे १९८७ पासून लोकांना घरी बीपी मोजायला लावलं, आणि त्या अभ्यासातही जास्त हलणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी, विशेषतः स्ट्रोकने, मृत्यू जास्त दिसले. पण तिथे लोकांनी जवळपास चार आठवडे रोज सकाळी, ठरलेल्या रीतीने, शांत बसून मोजलं होतं. आणि ते निष्कर्ष हजारो माणसांच्या गटाचे आहेत. गटात फरक दिसतो म्हणून एका माणसाच्या सात रीडिंगवरून त्याचं भविष्य सांगता येतं असं होत नाही. शिवाय बऱ्याचदा हलणारं बीपी हे कारण नसून खूण असते, कडक झालेल्या धमन्यांची, विसरलेल्या गोळ्यांची, नीट न झालेल्या झोपेची. आजच्या घडीला फ्लक्चुएशनचा आकडा खाली आणणं हे उपचाराचं ठरलेलं टार्गेट नाही, सरासरी खाली आणणं आहे.

आणि सरासरीवर मी येतो म्हणालो होतो. घरच्या मोजणीत सरासरी १३५ बाय ८५ किंवा त्याहून जास्त असेल तर आपण बीपी जास्त धरतो, क्लिनिकमध्ये ती रेषा १४० बाय ९० आहे पण घरी ती खाली येते. बाबांची १४१. म्हणजे फ्लक्चुएशन बाजूला ठेवलं तरी बीपी थोडं जास्त असू शकतं. की हात मांडीवर, चालून आल्यावर, एकच पहिलं रीडिंग (पहिलं नेहमी थोडं जास्तच येतं) या सगळ्यामुळे खरं १३२ आहे आणि १४१ दिसतंय? मला आत्ता माहीत नाही, आणि कोणीही तुम्हाला या सात आकड्यांवरून सांगितलं तर तो अंदाज असेल. म्हणून परत मोजायचं, यावेळी नीट.

सात दिवस. सकाळी उठून लघवीला जाऊन, चहा, गोळी आणि उपवनच्या आधी, डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर, हात टेबलावर असा की कफ छातीच्या मध्याच्या उंचीला येईल, पाच मिनिटं गप्प, मग दोन रीडिंग एक मिनिटाच्या अंतराने. रात्री जेवणाआधी परत तसंच. बस. मधे मोजायचं नाही, मन घाबरलं तरी नाही, कारण घाबरून मोजलेलं रीडिंग भीतीचं असतं. पहिल्या दिवशीचे सगळे आकडे फेकून द्या, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा, सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी पण. सुरुवातीला एकदा दोन्ही हातांवर मोजा, वरच्या आकड्यात सतत १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर पुढे नेहमी जास्तवाला हात, आणि १५ च्या पुढे असेल तर डॉक्टरला दाखवा. घड्याळात बीपी दाखवणारी जी स्मार्टवॉच आहेत ती यासाठी वापरू नका, मनगटी मशीनही शक्यतो नको.

एवढं सगळं सारखं केल्यावरही जर आकडे खूप हलत असतील तर ते मी गंभीरपणे घेतो, कारण आता त्यात बाबांचं शरीर बोलतंय. पण तेव्हाही मी आकडा नाही बघत, नमुना बघतो. सकाळी १५० आणि रात्री १२५ असं रोजच असेल तर गोळी २४ तास पुरत नाहीये, किंवा घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, आईला विचारा, तिला माहीत असतं. बसून १५० आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरत असेल, पहाटे बाथरूमला जाताना तोल जात असेल, तर तो वेगळाच विषय आहे, जुना डायबेटिस किंवा पार्किन्सन असलेल्यांत दिसतो, आणि तिथे नुसतं मोठे आकडे बघून डोस वाढवला तर माणूस पडतो, कळव्याच्या बाईंसारखा. मधेच एकदम खूप वर जातं आणि त्याच वेळी डोकं फुटतंय, घाम, धडधड असं तिन्ही होत असेल तर लघवी-रक्ताच्या खास तपासण्या लागतात, ते क्वचित असतं पण चुकवायचं नसतं. नाडी अनियमित लागत असेल, काही मशीनवर त्याचं चिन्ह येतं, तर ते चिन्ह वारंवार येतंय का बघा, तसं असेल तर ईसीजी काढायचा, कारण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्या आजारात, प्रत्येक ठोका वेगळ्या जोराचा असतो आणि मशीनचा हिशोब डगमगतो, तिथे दोनच्या ऐवजी तीन रीडिंगची सरासरी घ्यावी लागते. आणि विसराळूपणा वाढलाय का, गोळ्यांची पाकिटं मोजली तर महिन्याला किती उरतात, हेही बघा, न दुखावता. सकाळ-रात्रीत मोठी दरी असेल किंवा सरासरी सीमेवर असेल तर मी २४ तासांचं मशीन लावतो, ते दर अर्ध्या तासाने आपोआप मोजतं, झोपेतलं पण, आणि झोपेतलं बीपी घरच्या साध्या मशीनने कळतच नाही.

यातलं एकच असं आहे जिथे सरासरीची वाट बघायची नाही. १८० बाय १२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, नजर अचानक गेलीय, तर परत मोजत बसू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. बोलणं-तोंड-हात यांचं लक्षण असेल तर बीपी १३० असलं तरी न्या. आणि आकडा नुसताच १८० च्या वर आहे, बाकी बाबा ठणठणीत आहेत, तर पाच मिनिटं शांत बसवून परत घ्या, तरी वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. जिभेखाली गोळी ठेवून झटकन उतरवायचं जे काही शेजारी सांगतात ते करू नका, अचानक पाडलेलं बीपी मेंदूला रक्त कमी करतं.

शेजारच्या काकांचं म्हणणं तपासायचं असेल तर त्याचीही रीत आहे. तुमच्या डॉक्टरकडे जाताना मशीन घेऊन जा, कफसकट, सेल नवीन टाकून. पाच मिनिटं बसल्यावर त्याच हातावर एकदा त्यांनी मोजायचं, एकदा मशीनने, परत त्यांनी, परत मशीनने, असं तीन-तीन वेळा मध्ये एकेक मिनिट सोडून. फरक पाचच्या आसपास असेल तर मशीन चांगलं आहे, सतत दहाच्या पुढे असेल तर आधी कफची नळी कुठे भेगाळलीय का बघा, मग बदला. सात दिवसांची वही, मशीनची मेमरी, दंडाचा माप आणि बाबा ज्या ज्या गोळ्या-चूर्णं घेतात ती सगळी एका पिशवीत, न निवडता, असं घेऊन गेलात तर त्यांना लोसार्टनबद्दल ठरवायला जे लागतं ते सगळं तिथे असेल.